गाणी भरून मिळतील

दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडबाहेर, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर हाताने रंगवलेली पाटी असायची: 'येथे गाणी भरून मिळतील.' आत एक पोरगा आणि एक जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर 'मराठी नवीन', 'हिंदी नवीन', 'भीमगीते', 'कोळीगीते', 'भजन', 'डीजे' अशी फोल्डरं. मेमरी कार्ड काढून द्यायचं, वीस-तीस रुपये द्यायचे, शेजारच्या गाड्यावर चहा होईपर्यंत कार्ड भरून तयार. गिऱ्हाइकाला इंटरनेट कशाशी खातात हे ठाऊक असायची गरज नव्हती. डाउनलोड एकानं करायचं आणि गाणी अख्ख्या तालुक्यानं ऐकायची.

डाउनलोडमुळे कॅसेट-सीडीचा धंदा बुडाला असं कुणी म्हटलं की मला हा पोरगा आठवतो. आपल्याकडचं डाउनलोड म्हणजे तोच. पण सगळं पाप त्याच्या माथी मारायला मी तयार नाही. शिवाय मला वाटतं, मारेकरी कोण हा वाद घालताना गेलं नेमकं काय, हे पाहायचंच आपल्याकडून राहून गेलं.

अमेरिकेतली गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. १९९९ साली नॅपस्टर आलं, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय. त्याच वर्षी तिथला संगीताचा बाजार सुमारे १४.६ अब्ज डॉलरवर, म्हणजे शिखरावर होता. पुढच्या पंधरा वर्षांत तो निम्म्याहून खाली आला. मध्ये २००३ मध्ये अॅपलनं आयट्यून्स स्टोअर काढून ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली आणि 'कायदेशीर डाउनलोड' हा सीडीचा वारस ठरला. गंमत अशी, की तो वारस बापाआधीच म्हातारा झाला. स्पॉटिफायसारखी स्ट्रीमिंग सेवा आली आणि २०१२ नंतर तिथली डाउनलोडची विक्री घसरत गेली. आज अमेरिकेत गाण्यांच्या डाउनलोडपेक्षा काळ्या रेकॉर्डींतून जास्त पैसा येतो. २०२० मध्ये रेकॉर्डींनी सीडीलाही उत्पन्नात मागे टाकलं, १९८० च्या दशकानंतर पहिल्यांदाच.

म्हणजे ज्याला खुनी म्हटलं तो मेला, आणि जिला पुरून बसलो होतो ती उठून बसली. यावरून काही मित्र लगेच 'बघा, वस्तूला मरण नाही' असं म्हणू लागतात. त्यांना थोडं थांबवावं लागतं. तिकडे रेकॉर्ड घेणाऱ्या कित्येकांच्या घरी ती वाजवायचं यंत्रच नसतं. कोरियन गटांच्या सीडींत गायकांची छोटी छायाचित्रं असतात. कुणाचं निघेल ते पाकीट फोडल्यावरच कळतं, म्हणून पोरं एकच सीडी चार-चारदा घेतात. त्या विक्रीला संगीताची विक्री म्हणणं म्हणजे लग्नाच्या अक्षतांना तांदळाची विक्री म्हणण्यासारखं आहे.

आपल्याकडची कथा वेगळी आहे आणि ती कॅसेटपासून सुरू होते. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा एचएमव्हीची, म्हणजे ग्रामोफोन कंपनीची, अनेक दशकांची मक्तेदारी मोडली. रेकॉर्ड काढायला कारखाना लागायचा आणि तो होता कलकत्त्याजवळ डमडमला. कॅसेटची नक्कल काढायला एक खोली पुरायची. त्या खोल्यांतूनच प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत गेला. भीमगीतं, शाहिरी, कोळीगीतं, भारुडं, तमाशातल्या लावण्या असं जे मोठ्या कंपनीच्या साहेबाला कधी 'बाजार' वाटलं नव्हतं, ते सगळं रिक्षांत, टेम्पोंत आणि मांडवांत वाजू लागलं. त्याच खोल्यांतून चोरीच्या कॅसेटही निघाल्या. दोन्ही एकाच यंत्रातून. चोरी आणि लोकशाही यांचं हे जुळं आपण इंटरनेटच्या आधीच पाहिलं होतं. मेमरी कार्डवाल्या पोराच्या 'भीमगीते' या फोल्डरात कॅसेटवरून उतरवलेलं बरंच असायचं, आणि ते त्याच्याशिवाय पुढच्या पिढीपर्यंत पोचलं असतं का, याची मला शंका आहे.

वस्तूचं मोल कमी करायला सुरुवातही कंपन्यांनीच केली. शंभर-शंभर गाण्यांची एमपीथ्री सीडी बाजारात कुणी आणली? चोरट्यांनी आणली हे खरं, पण नामवंत कंपन्यांनीही आणली, रीतसर छापून. एकदा का गिऱ्हाइकाला कळलं, की एका गाण्याची किंमत रुपया-दीड रुपया आहे, की मग दहा गाण्यांच्या सीडीला दीडशे रुपये मोजताना त्याचा हात अडखळणारच.

आता आपल्याकडचं कायदेशीर डाउनलोड. २०१२ मध्ये फ्लिपकार्टनं 'फ्लाइट' नावाचं दुकान उघडलं, एमपीथ्री गाणी काही रुपयांत विकणारं. त्याच वर्षाच्या अखेरीस आयट्यून्सही भारतात आलं. फ्लाइट वर्ष-दीड वर्षात, २०१३ च्या जूनमध्ये बंद पडलं. चोरीची गाणी फुकट मिळत होती हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: सहा-दहा रुपये ऑनलाइन द्यायची सोयच नव्हती. सहा रुपयांच्या गाण्यासाठी कार्डाचा सोळा आकडी नंबर, मग पासवर्ड, मग ओटीपी. त्यापेक्षा टपरीवरचा पोरगा बरा. तो सुटे पैसे घेत होता.

मग आलं २०१६. या सालावर कुणीतरी सवडीनं लिहायला हवं. फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. १९४० च्या दशकापासून मुंबईकरांनी जिथे बूथमध्ये उभं राहून रेकॉर्डी ऐकल्या, ते दुकान. (पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीनं घेतली आणि मग तिच्यावर ईडीची टाच आली. गाण्याच्या दुकानाचा असा उत्तरार्ध कुठल्या कादंबरीकाराला सुचला नसता.) एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं. एप्रिलच्याच शेवटी 'सैराट' लागला आणि त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात एकही वरात त्याच्या गाण्यांशिवाय निघाली नाही. सप्टेंबरात जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला. क्रम नीट पाहा. दुकान आधी बंद पडलं, फुकट डेटा नंतर आला. मराठीतलं एवढं गाजलेलं चित्रपटसंगीत लोकांपर्यंत पोचलं, ते तुम्ही-आम्ही त्याची सीडी हातात धरल्याशिवाय. आणि सहा रुपये देण्याची अडचण ज्या वर्षी सुटायला लागली, त्याच सुमाराला सहा रुपयांना गाणं विकणारा जवळजवळ कुणी उरला नाही. आज चहाच्या गाड्यावर दहा रुपये क्यूआर कोडनं जातात. गाणं मात्र सहसा विकत मिळत नाही. मिळतं ते भाड्यानं, नाहीतर जाहिरातीसोबत फुकट.

माझ्या मते खरी रेघ इथे आहे. आपण ती तबकडी आणि इंटरनेट यांच्यामध्ये ओढत आलो, ती ओढायला हवी विकत घेणं आणि भाड्यानं घेणं यांच्यामध्ये. डाउनलोड हा त्या अर्थानं सीडीचा वैरी नव्हता, धाकटा भाऊ होता. दोन्हींत पैसे दिले की माल आपला.

यानं फरक काय पडतो, ते ख्याल ऐकणाऱ्याला विचारा. वस्तू गाण्याला माप देते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला, पण ते त्यांचं सामर्थ्य. माध्यमाची ती मर्यादाच होती. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. एक बाजू, एक राग. कॅसेटनं पाऊण तास दिला, सीडीनं सत्तरहून जास्त मिनिटं. आता लक्षात घ्या: कॅसेटवर दहा भावगीतं असोत की एकच मारवा राग, किंमत साधारण तीच. गायकाला आणि कंपनीला कॅसेटमागे पैसे मिळत, गाण्यामागे नाही. म्हणूनच पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारखा एखादा दर्दी दुकानदार स्वतः प्रकाशक होऊ शकला. ज्या शास्त्रीय मैफलींना मोठ्या कंपन्यांनी हात लावला नसता त्यांच्या कॅसेट त्यानं काढल्या, आणि त्या थोड्या विकल्या गेल्या तरी भागायचं.

डाउनलोडनं माप बदललं: एक गाणं, एक किंमत. स्ट्रीमिंगनं ते आणखी बारीक केलं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक 'प्ले' धरला जातो. एकतीस सेकंद ऐकून सोडून दिलेलं गाणं आणि चाळीस मिनिटं डोळे मिटून ऐकलेला विलंबित ख्याल, दोन्हींची गणती एकच. त्या चाळीस मिनिटांत तीन मिनिटांची तेरा गाणी वाजतात, म्हणजे तेरापट मोजणी. तिथे कुणी वाईट हेतूनं बसलेलं नाही, हिशोबच तसा मांडलेला आहे. परिणाम असा, की गाणारे आता राग तोडून देतात: आलाप वेगळा, विलंबित वेगळं, द्रुत वेगळं. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग यांचं काय करायचं, पोवाड्याचे चौक कुठे कापायचे? २०२४ पासून तर तिथे आणखी एक अट आली. वर्षभरात हजारदा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. एखाद्या शाहिराचा पोवाडा वर्षात नऊशे लोकांनी एकेकदा मन लावून ऐकला तर त्याची कमाई शून्य. कॅसेटच्या काळात नऊशे प्रती खपल्या असत्या तर त्यानं पुढची कॅसेट काढली असती.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा जुन्या काळाचा उमाळा आहे. असेल थोडा. माझ्या घरी शंभरेक कॅसेट आहेत आणि त्या वाजवायला चालू टेपरेकॉर्डर नाही, तरी टाकवत नाहीत. पण तो काळ न्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. कितीतरी कवींनी आणि संगीतकारांनी एकरकमी पैसे घेऊन गाण्यांवर कायमचं पाणी सोडलं. साथीदारांची तर गोष्टच नको. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात व्हायला २०१२ उजाडलं, आणि त्यासाठी जावेद अख्तरांना राज्यसभेत उभं राहून भांडावं लागलं. म्हणजे कायदा शहाणा झाला तेव्हा विकायची वस्तूच संपत आली होती. तरीही पैशाचं माप बदलल्यानं कुठलं संगीत जगतं आणि कुठलं मरतं, हा प्रश्न उमाळ्याचा नाही.

भाड्याच्या घरात आणखी एक कटकट असते. मालक कधीही बाहेर काढू शकतो. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ च्या फेब्रुवारीत. दोन महिन्यांत सारेगामाशी कायद्याचा वाद होऊन त्यांची गाणी तिथून गेली, आणि करार व्हायला २०२० चा जून उजाडला. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. वर्षभराहून अधिक काळ हिंदी-मराठीचा केवढा तरी जुना ठेवा त्या दुकानातून गायब होता. २०२४ च्या मार्चमध्ये हीच पाळी झी म्युझिकच्या गाण्यांवर आली. ज्यांनी महिन्याचे पैसे भरले होते त्यांच्या याद्यांत गाण्यांची नावं करडी होऊन पडली. कुणाच्या कपाटातली कॅसेट अशी करडी होत नाही. बुरशी येते, पण तो दोष आपला आणि आपल्या पावसाळ्याचा.

आणि नावं. परवा एका अॅपवर भीमसेन जोशींचा एक अभंग ऐकत होतो. चाल कुणाची ते पाहायला गेलो. अभंगवाणीतल्या चालींमागे राम फाटक आणि श्रीनिवास खळे ही मोठी नावं आहेत, पण कुठली कुणाची हे दर वेळी आठवत नाही. अॅपवर गायकाचं नाव होतं, 'पारंपरिक' असा शब्द होता, आणि कुठल्यातरी 'सर्वोत्तम भक्तिगीते' संचाचं भडक चित्र. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हा तर प्रश्नच तिथे उद्भवत नाही. कॅसेटच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक टायपात का होईना, ते असायचं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. आपल्याला तो ठसका वाटतो. कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर काय लिहायचं हे कळावं म्हणून नाव आवाजातच भरलेलं असायचं. सव्वाशे वर्षांनी आपल्या खिशातल्या यंत्रात लाखो गाणी आहेत आणि चाल बांधणाऱ्याचं नाव 'पारंपरिक'.

मग वस्तूचं भवितव्य काय? घाऊक बाजार म्हणून ती परत येणार नाही, आणि तशी आशा धरून हजार सीडी छापणाऱ्या गायकाच्या पलंगाखाली त्यातल्या आठशे सापडतात. पण लोक गाण्यासाठी पैसे मोजतच नाहीत, हे खोटं आहे. सारेगामानं २०१७ मध्ये 'कारवाँ' नावाचा जुन्या रेडिओसारखा डबा काढला, पाच हजार गाणी आधीच भरलेली. किंमत पाच-सहा हजारांच्या घरात. त्यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं यूट्यूबवर फुकट होतं. तरी तो धडाधड खपला, बहुतेक करून आईवडिलांना भेट म्हणून. थोडक्यात, सारेगामानं 'गाणी भरून मिळतील' हीच पाटी लावली, फक्त टपरीऐवजी शोरूममध्ये. पूर्वी परदेशातले मराठी लोक सुट्टीवर आले की दादरहून कॅसेटींच्या पिशव्या भरून न्यायचे. आता आजोबांसाठी डबा जातो, एवढाच बदल.

यातून मला दिसतं ते असं: वस्तू तिथे विकली जाते जिथे कुणीतरी निवड करून दिलेली असते, जिथे सोय असते, किंवा जिथे मैफल संपल्यावर श्रोत्याचं मन अजून भरलेलं असतं. शास्त्रीय गाणाऱ्यांनी, कीर्तनकारांनी, शाहिरांनी ती वेळ सोडू नये. सभागृहाच्या दाराशी टेबल, त्यावर वीस पानांची पुस्तिका: बंदिशींचे शब्द, रागाची दोन ओळींची ओळख, साथीदारांची नावं. पुस्तिकेवर एक क्यूआर. दोनशे रुपये द्या, पूर्ण मैफलीची फाइल उतरवून घ्या, कायमची, न तोडलेली. बँडकॅम्पसारखी संकेतस्थळं जगभरच्या छोट्या कलावंतांना २००८ पासून हेच करू देत आहेत. विक्रीतले साधारण पंधरा टक्के ती ठेवतात, बाकीचे बहुतेक कलावंताचे. तीनशे श्रोत्यांपैकी चाळीस जणांनी घेतली तरी आठ हजार रुपये झाले. स्ट्रीमिंगवर तेवढ्यासाठी किती 'प्ले' लागतील याचा विचार करायलाही भीती वाटते. जिला खलनायिका ठरवलं ती डाउनलोड इथे लांबलचक संगीताच्या शेवटच्या मैत्रिणींपैकी एक ठरते.

श्रोत्याकडूनही थोडं हवं. वर्षाला सात-आठशे रुपयांचा ओटीटी आपण तक्रार न करता भरतो, नाट्यगृहात मध्यंतरात बटाटेवडाही घेतो. आवडत्या गायिकेच्या फाइलला मात्र 'व्हॉट्सॅपवर टाका ना' म्हणतो. या 'टाका ना'नं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या टपरीवाल्या पोरानं केलं नसेल. तो निदान वीस रुपये तरी घ्यायचा.

राहिला प्रश्न जे विकलंच जाणार नाही त्याचा. छोट्या कंपन्यांच्या हजारो मराठी कॅसेट अशा आहेत, ज्यांची कंपनी बंद, मूळ फीत गहाळ, मालकाचे वारस कुठे ते माहीत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे साठ वर्षांचा. १९८५ ची कॅसेट मोकळी होईल २०४६ उजाडताना. तोवर त्या फितीवर आवाज उरेल का? आज हे काम छांदिष्ट माणसं करतात. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्डी चाळणारे आहेत. राज्य किंवा केंद्र सरकारनं यात काय करावं, असं विचारलं तर मी अनुदान मागणार नाही. एका जुन्या कायद्यात चार शब्दांची भर मागेन.

१९५४ चा एक कायदा आहे, प्रकाशित झालेलं प्रत्येक पुस्तक प्रकाशकानं तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावं असं सांगणारा. त्यात मुंबईच्या टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. या कायद्यातली 'पुस्तका'ची व्याख्या मोठी मजेशीर आहे. तीत नकाशे येतात, तक्ते येतात आणि संगीताचं सुटं छापलेलं पानही येतं. म्हणजे तुम्ही एखाद्या अभंगाची स्वरलिपी एका कागदावर छापून प्रसिद्ध केलीत तर तो कागद टाउन हॉलला पाठवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तोच अभंग गाऊन प्रसिद्ध केलात, तर कुणी मागत नाही.